नकाराची वेळ

फाइल फार मोठी आहे हे कळायला सर्व्हरला फाइल लागत नाही. आपण ब्राउझरमध्ये फाइल निवडली की तिचा आकार त्याच क्षणी ब्राउझरला ठाऊक असतो. तो डिस्कवरच्या नोंदीतच असतो, त्यासाठी फाइल उघडावीही लागत नाही. पुढे ‘सबमिट’ दाबल्यावर जी विनंती सर्व्हरकडे निघते तिच्या माथ्यावर, म्हणजे फाइलचा पहिला बाइट रवाना होण्याआधी, एकूण किती बाइट येणार आहेत हा आकडा बहुतेक वेळा लिहिलेला असतो. इतके असूनही ६० एमबीचा व्हिडिओ अख्खा वर चढतो, निळी पट्टी शंभर टक्क्यांना टेकते, आणि मग लाल अक्षरांत उगवते: कमाल मर्यादा १० एमबी.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या बैठकीत हा विषय निघाला तर तो ‘पुढच्या रिलीजला बघू’ या यादीत जातो. सर्व्हरने मोठी फाइल नाकारली ना? मग झाले काम. माणसाला जरा थांबावे लागले, एवढेच. मला हे ‘एवढेच’ मान्य नाही. मर्यादा असावी की नसावी हा वादच नाही. ती असलीच पाहिजे. पण नकार कोणत्या टप्प्यावर दिला यावरून त्याची पावती कोणाच्या नावाने फाटणार हे ठरते, आणि उशिरा दिलेल्या नकाराची पावती दर वेळी दुबळ्या बाजूच्या नावाने फाटते.

हिशेब करून पाहा. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट धरला तर ६० एमबी म्हणजे ४८० मेगाबिट, म्हणजे आठ मिनिटे. शहरातल्या फायबरवर हे काही सेकंदांत उरकते, म्हणून संगणकाचा कार्यक्रम (प्रोग्राम) लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ते कधी जाणवत नाही. मोबाइलच्या जाळ्यात मात्र वर जाणारी वाट खाली येणाऱ्या वाटेपेक्षा मुळातच अरुंद ठेवलेली असते. टॉवरकडे वीज भरपूर, फोनकडे इवलीशी बॅटरी. त्या आठ मिनिटांत दिवसाच्या डेटा पॅकमधले ६० एमबी गेले, बॅटरी गेली, आणि रेंज मध्येच गेली असेल तर सगळे पहिल्यापासून. दुसऱ्या बाजूला काय गेले? ॲमेझॉनसारख्या क्लाउड कंपन्या इंटरनेटवरून आत येणाऱ्या डेटाचे सहसा पैसे घेत नाहीत. बाहेर जाणाऱ्या डेटाचे घेतात. म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या त्या ६० एमबीचा संकेतस्थळाच्या मालकाच्या बिलात जवळपास पत्ताही नसतो. तात्पुरती जागा थोडी अडली, एखादी प्रक्रिया काही मिनिटे गुंतून राहिली, एवढाच त्याचा खर्च. हा दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो याचे खरे कारण मला इथे दिसते. ज्याला दुरुस्त करता येतो त्याला तो खुपत नाही आणि ज्याला खुपतो त्याच्या हातात काही नाही. परळहून कणकवलीपर्यंत आणल्यावर कंडक्टरने ‘हे पोते गाडीत चालत नाही’ असे सांगावे, तशातला हा प्रकार.

यावर ‘वेबचे तंत्रच तसे आहे’ असे उत्तर मिळते. ते खरे नाही. ब्राउझरमधून फाइल पाठवण्याची पद्धत ज्या दस्तऐवजाने सुरू झाली तो ‘आरएफसी’ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला क्रमांक १८६७, नोव्हेंबर १९९५ चा. लिहिणारे दोघे, अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर, झेरॉक्स कंपनीचे. (आपल्याकडे आजही कितीतरी अर्ज झेरॉक्सच्या दुकानातूनच अपलोड होतात, हा निव्वळ योगायोग.) त्या छोट्याशा दस्तऐवजात फाइल निवडण्याच्या रकान्याला ‘मॅक्सलेंग्थ’ नावाचा गुणधर्म सुचवलेला आहे: सर्व्हर किती बाइटपर्यंत स्वीकारील हा आकडा फॉर्ममध्येच लिहावा, म्हणजे पाठवणी सुरू होण्याआधीच ब्राउझरला कळेल. हा केवळ इशारा आहे, फॉर्म तयार झाल्यापासून तो भरला जाईपर्यंत सर्व्हरची परिस्थिती बदललेली असू शकते, असेही तिथे नमूद आहे. पहिल्याच दिवशी विचार इतका नेटका झालेला होता.

त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९९५ मध्येच, आरएफसी १८७० आला. तो ईमेलचा. १९९३ मध्ये सुचवलेल्या एका सोयीची ती सुधारित आवृत्ती. पत्र घेणारा सर्व्हर ओळख देतानाच सांगतो की मी अमुक इतक्या बाइटपर्यंतचे पत्र घेतो. पाठवणारा सर्व्हर ‘अमक्याकडून पत्र आहे’ या पहिल्या ओळीतच पत्राचा आकार सांगतो. तो जास्त असेल तर घेणारा तिथल्या तिथे ५५२ हा क्रमांक देऊन नाही म्हणतो; पत्राचा मजकूर तारेवर चढतच नाही. ईमेलच्या जगाने ही सोय अंगवळणी पाडून घेतली आणि आज बहुतेक मेल सर्व्हर ती वापरतात. वेबच्या जगाने आपल्या दस्तऐवजातली ती ओळ सोडून दिली. ब्राउझरांनी ‘मॅक्सलेंग्थ’चा हा अर्थ कधी उचललाच नाही, आणि आजच्या एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथात तर फाइलच्या रकान्याला हा गुणधर्म लागूच होत नाही असे स्पष्ट आहे. कोणत्या प्रकारची फाइल हवी हे सांगता येते. केवढी हवी हे सांगता येत नाही.

हा फरक का पडला असावा? ईमेलमध्ये दोन्ही टोकांना सर्व्हर होते. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या मालकालाही तारेचे पैसे मोजावे लागत होते आणि तो मालक प्रमाणे ठरवणाऱ्या समित्यांच्या बैठकांना बसत होता. वेबच्या फॉर्ममध्ये एका टोकाला घरबसला माणूस होता. त्याच्या वतीने बैठकीला कोण बसणार? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण पुढचा इतिहास त्याच्याशी जुळतो.

सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेने एक तोडगा काढला: फॉर्ममध्ये ‘मॅक्स फाइल साइझ’ नावाचा छुपा रकाना ठेवायचा. कल्पना अशी की ब्राउझर तो वाचून आधीच थांबेल. ब्राउझरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो आकडा वाचते ती पीएचपीच, आणि तीही फाइल येऊ लागल्यावर. म्हणजे माणसासाठी ठेवलेली पाटी दुकानाच्या आत, गल्ल्यामागे लागली. खरी सोय २०१० च्या सुमारास आली. फायरफॉक्स ३.६ आणि त्यानंतरच्या ब्राउझरांत ‘फाइल एपीआय’ आले आणि पानावरच्या जावास्क्रिप्टला निवडलेल्या फाइलचा आकार एका ओळीत विचारता येऊ लागला. तेव्हापासून आजवर, आकार तपासून लगेच सांगणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ते काम न केलेली संकेतस्थळे आजही सापडतात, याला तंत्राची अडचण कारणीभूत नाही.

आता सर्व्हरच्या बाजूने पाहू, कारण तिथला गोंधळ अधिक मजेशीर आहे. एका साध्या संकेतस्थळावर फाइलला तीन-चार दारे ओलांडावी लागतात आणि प्रत्येक दारावर वेगळा पहारेकरी वेगळा आकडा घेऊन उभा असतो. पुढे एंजिनएक्स हा वेबसर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी. मागे पीएचपी असेल तर एका फाइलला २ एमबी आणि सगळ्या फॉर्मला मिळून ८ एमबी. अपाची हा वेबसर्व्हर असेल तर २०२२ पर्यंत मुळात मर्यादाच नव्हती, आवृत्ती २.४.५४ पासून ती १ जीबी झाली. आणि फॉर्मवर, त्या पानाचा मजकूर लिहिणाऱ्याने, कोणालाही न विचारता ‘५ एमबीपर्यंत’ असे छापलेले असते. तीन एमबीची फाइल घेऊन आलेला माणूस पाटी वाचून निर्धास्त आत शिरतो आणि पहिल्याच दारावर आपटतो.

यातला पीएचपीचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. एकूण फॉर्म ८ एमबीच्या वर गेला तर पीएचपी फक्त फाइल टाकून देत नाही. भरलेली सगळी माहितीच टाकून देते. कार्यक्रमाच्या हाती फाइलींची यादी रिकामी येते आणि नाव, पत्ता, जन्मतारीख हे रकानेही रिकामे येतात. मग कार्यक्रम आपल्या समजुतीप्रमाणे तक्रार करतो: ‘कृपया आपले नाव भरा.’ नाव तर भरले होते! माणूस पुन्हा नाव भरतो, पुन्हा तीच फाइल जोडतो, पुन्हा दहा मिनिटे थांबतो, पुन्हा नाव विचारले जाते. फाइलच्या आकाराचा उल्लेखही कुठे नाही. विनंतीच्या माथ्यावरचा आकडा कार्यक्रमाला तेव्हाही वाचता येतो. रकाने रिकामे आणि आकडा मोठा दिसला तर काय घडले हे ओळखायला दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळी लिहायला आधी हे घडते हे माहीत हवे.

जँगो या पायथनमधल्या चौकटीत दुसरी गंमत. तिथे ‘फाइल अपलोड मॅक्स मेमरी साइझ’ नावाची एक मांडणी आहे, मूळ किंमत २.५ एमबी. नाव वाचून कितीतरी जण समजतात की ही मर्यादा आहे. ती मर्यादा नाहीच. त्या आकाराच्या पुढची फाइल मेमरीत न ठेवता तात्पुरत्या डिस्कवर लिहायची, एवढाच तिचा अर्थ. त्याच्याच शेजारची ‘डेटा अपलोड मॅक्स मेमरी साइझ’ ही खरोखरीची मर्यादा आहे, पण तिच्यात फाइलींचा आकार धरलाच जात नाही. म्हणजे दोन्ही दारांवर कुलूप लटकते आहे असे दिसते आणि ट्रक आरामात आत जातो.

‘मग सर्व्हरनेच आधी नाही म्हणावे, ब्राउझरच्या भरवशावर कशाला राहायचे?’ असे शहाणे लोक म्हणतात. कागदावर हे बरोबर आहे. विनंतीचा माथा वाचला, आकडा मोठा दिसला, ४१३ क्रमांकाचे उत्तर दिले, दार लावले. पण तारेवर जे घडते ते इतके सुबक नसते. ब्राउझर त्या वेळी फाइल ओतत असतो. सर्व्हरने उत्तर लिहून जोडणी बंद केली, आणि तरी ब्राउझरचे बाइट येतच राहिले, तर सर्व्हरची यंत्रणा ‘ही जोडणी आता नाही’ असा झटका परत पाठवते. तो झटका पोहोचला की ब्राउझरच्या बाजूला येऊन पडलेले, पण अजून न वाचलेले उत्तरही पुसले जाऊ शकते. माणसाला दिसते ते ‘जोडणी तुटली’. तो रेंजला शिव्या घालतो आणि पुन्हा पाठवतो. एंजिनएक्सच्या माहितीपुस्तकात मर्यादेच्या या मांडणीखाली एक वाक्य सावधगिरीने लिहून ठेवले आहे: ब्राउझरांना ही चूक नीट दाखवता येत नाही. म्हणून सभ्य सर्व्हर नकार दिल्यावर लगेच दार आपटत नाहीत. काही काळ येणारे बाइट वाचून फेकत राहतात. एंजिनएक्स मूळ मांडणीत जास्तीत जास्त तीस सेकंद असे करतो. म्हणजे नकाराचे चार शब्द समोरच्याच्या कानी पडावेत म्हणून नको असलेला माल तीस सेकंद उतरवून घ्यायचा आणि गटारात ओतायचा.

यावरही उपाय सुचवला गेला होता. १९९९ च्या सुधारित एचटीटीपी १.१ मध्ये अशी सोय आहे की पाठवणाऱ्याने फक्त माथा पाठवायचा, ‘पुढे पाठवू का?’ असे विचारायचे, आणि सर्व्हरने १०० क्रमांकाने हो म्हटल्यावरच मजकूर सोडायचा. ईमेलसारखेच झाले हे. ‘कर्ल’ हे साधन मोठा मजकूर पाठवताना हे विचारते आणि सेकंदभर उत्तराची वाट पाहते. ब्राउझर मात्र फॉर्म पाठवताना असे विचारत नाहीत. एचटीटीपी २ मध्ये परिस्थिती जरा सुधारली: तिथे एकाच जोडणीत अनेक ओघ चालतात आणि पूर्ण उत्तर देऊन झाल्यावर सर्व्हरला एकच ओघ ‘काही बिघडलेले नाही, पण आता थांबा’ असे सांगून बंद करता येतो. तरीही मधे एखादा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, असेल आणि तो अख्खी फाइल स्वतःजवळ साठवूनच मागे सोडत असेल (एंजिनएक्स मूळ मांडणीत हेच करतो), तर मागच्या कार्यक्रमाने कितीही तत्परता दाखवली तरी ती माणसाच्या उपयोगाची नाही. फाइल तोवर येऊन चुकलेली असते. म्हणून मर्यादा सगळ्यांत बाहेरच्या दारावर हवी, आणि माणसाशी बोलायचे काम पानावरच व्हायला हवे.

इथे सुरक्षेचे काम करणारे मित्र हटकून हरकत घेतात. पानावरची तपासणी कोणीही दोन मिनिटांत बाजूला सारू शकतो. ती असली काय, नसली काय. हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातली चूक चटकन ध्यानात येत नाही. पानावरची तपासणी हल्लेखोरासाठी नाहीच. ती त्या माणसासाठी आहे ज्याच्या मनात काही वावगे नाही, ज्याची फाइल फक्त मोठी आहे. आणि सर्व्हरवरची तपासणी त्या माणसासाठी आहे ज्याला पानाशी देणेघेणे नाही. एकाची कामगिरी दुसऱ्याच्या गळ्यात घातली की दोन्ही बिघडतात. पानावरच तपासले म्हणून सर्व्हर मोकळा सोडला, तर कोणीतरी डिस्क भरून टाकतो. सर्व्हर तपासतोच म्हणून पान मुके ठेवले, तर सरळ माणसाची आठ मिनिटे जातात. पहिली चूक बातमी होते. दुसरी कोणाला कळतही नाही.

सर्व्हरने मात्र सांगितलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये, यात हरकत घेणाऱ्यांचे शंभर टक्के खरे आहे. आकडा दिलाच पाहिजे असेही नाही. तुकड्यातुकड्याने पाठवायची रीत आहे, तिच्यात एकूण आकार आधी सांगितलाच जात नाही. शिवाय माथ्यावरचा आकडा अख्ख्या फॉर्मचा असतो, त्यातल्या एकेका फाइलचा नसतो. तेव्हा येणारे बाइट मोजत राहायचे आणि मर्यादा ओलांडली की तिथेच थांबायचे. सगळे घेऊन मग मोजायचे नाही. ॲमेझॉनच्या एस-३ सारख्या साठ्यात ब्राउझरने थेट फाइल टाकावी अशी योजना केली असेल, तर ‘पोस्ट’ पद्धतीच्या सहीबंद परवान्यातच किमान आणि कमाल आकाराची अट घालता येते. ती अट न घालता नुसता ‘पुट’चा परवाना दिला तर एका फटक्यात ५ जीबीपर्यंतची वस्तू तिथे येऊन बसू शकते. आणि बाइट मोजले म्हणजे सगळे मोजले असेही नाही. ‘४२ झिप’ नावाची एक कुप्रसिद्ध फाइल आहे: आकार ४२ केबी, आतले थर पूर्ण उलगडले तर साडेचार पेटाबाइट.

आता आपल्याकडच्या अर्जांकडे येऊ, कारण मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे ते याबद्दल. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. फोटो शक्यतो २०० बाय २३० पिक्सेलचा. ‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या सेवांच्या संकेतस्थळावर नोंदणीचा फोटो ५ ते २० केबी, कागदपत्रे ७५ ते ५०० केबी असे आकडे अर्जदारांना पाठ झालेले आहेत. साध्या फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो आणि तो तीन ते पाच एमबीचा होतो. अर्जाला हवे आहेत ४६ हजार पिक्सेल, फोन देतो एक कोटी वीस लाख. ही दरी कोणी भरून काढायची?

ती भरून काढतो सेवा केंद्रातला दादा. दहावी-बारावीच्या निकालानंतर तालुक्याच्या कोणत्याही केंद्रात जाऊन उभे राहा. संगणकावर पेंट उघडेच असते. ‘ताई, केबी जास्त झाले, थांबा.’ रिसाइझ, पन्नास टक्के, सेव्ह. अजून ऐंशी केबी. पुन्हा तीस टक्के. आता अठरा, म्हणजे किमानपेक्षा कमी. ‘दादा, झाला का फोटो?’ ‘होतोय, मागच्यांना जरा पुढे येऊ द्या.’ शेवटी काहीतरी बत्तीस-चौतीस केबीचे जुळते. हे कौशल्य आहे आणि त्याचे पैसे घेणे गैर नाही. पण जे काम ब्राउझरमधल्या काही ओळी विनातक्रार करू शकतात, ते राज्यभर माणसे हाताने करत बसली आहेत. पानावर चित्र वाचायचे, कॅनव्हासवर हव्या मापाचे काढायचे, जेपेगची प्रत थोडीथोडी उतरवत मर्यादेत बसवायचे: ही सोय ब्राउझरांत कित्येक वर्षांपासून आहे. फोटो आणि सहीच्या बाबतीत लवकर नकार देणे हासुद्धा आळसच म्हणायला हवा. तिथे नकाराची गरजच नाही. माणसाने फोटो द्यावा, माप पानाने घ्यावे.

किमान मर्यादेचे तर मला कोडेच पडते. कमी आकाराची फाइल अस्पष्ट असेल, ही त्यामागची समजूत असणार. पण केबी आणि स्पष्टपणा यांचे नाते फार सैल आहे. पांढऱ्या कागदावरची स्वच्छ काळी सही आठ केबीतही सुरेख दिसते. अंधारात हललेला, रवाळ फोटो चारशे केबी खातो आणि त्यात काही दिसत नाही. स्पष्टपणा हवा असेल तर पिक्सेल मोजा, माणसाला चित्र मोठे करून दाखवा, ‘अक्षर वाचता येते का?’ असे विचारा. बाइट मोजणे सोपे म्हणून बाइट मोजले जातात.

आणि इथेच उशिरा येणाऱ्या नकाराचे सगळ्यांत महागडे रूप भेटते. जातीचा दाखला ए-फोर कागदावर, त्यावर शिक्का, सही, बारीक अक्षरातला क्रमांक. स्कॅन दोन एमबीचा झाला. पानाने तत्परतेने सांगितले: फाइल मोठी आहे. छान, नकार वेळेवर आला. मग केंद्रात तो दाखला पिळून पिळून मर्यादेत बसवला गेला. पानाने हिरवी खूण दिली. तीन आठवड्यांनी छाननीत शेरा आला: कागदपत्र अस्पष्ट, पुन्हा सादर करा. तोवर प्रवेशाची फेरी निघून गेलेली असते. यंत्राच्या लेखी इथे सगळे नियमाप्रमाणे झाले. आकार आधी तपासला, वेळेत तपासला. पण खरा नकार तीन आठवडे पुढे ढकलला गेला. म्हणून नुसते ‘आधी तपासा’ म्हणून माझे समाधान होत नाही. आकडा कोठून आला हेही विचारावे लागते. एका पानाचा वाचनीय स्कॅन किती आकाराचा होतो हे दहा दाखले स्कॅन करून पाहिले तर दुपारपर्यंत कळेल. साठवणुकीची जागा महाग होती तेव्हाचे आकडे अजून चालू असतील, तर ते जागेची बचत करत नाहीत. अर्जदाराचे हेलपाटे वाढवतात.

उलट बाजूचेही एक उदाहरण द्यायला हवे. जीमेलमध्ये जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल जोडली तर ते नुसते ‘नाही’ म्हणून थांबत नाही. फाइल ड्राइव्हवर चढवते आणि पत्रात दुवा ठेवते. यात कंपनीचा स्वार्थ आहे हे उघड आहे, माणूस त्यांच्याच साठ्यात अडकतो. तरीही मर्यादा पाळली गेली आणि माणसाचे कामही झाले. स्वार्थ असला की सोय किती पटकन सुचते, हेही त्यातून दिसते.

मोठ्या फाइलींच्या बाबतीत, म्हणजे व्हिडिओ, नकाशे, एमआरआयच्या चित्रमाला, लवकर नकार हा अर्धाच प्रश्न आहे. दुसरा अर्धा म्हणजे तुटलेली पाठवणी तिथूनच पुढे चालू करता येणे. ‘टस’ नावाची खुली पद्धत हे दोन्ही एकत्र करते. फाइलचा एकही बाइट न पाठवता आधी एक छोटी विनंती जाते: मला इतक्या आकाराची फाइल ठेवायची आहे. सर्व्हर जागा, कोटा, मर्यादा बघतो आणि पत्ता देतो किंवा ४१३ म्हणतो. आपली कमाल मर्यादा किती हे तो विचारल्यावर वेगळ्या हेडरमध्येही सांगतो. मग तुकडे जात राहतात आणि जोडणी तुटली तर ‘कुठवर पोहोचले?’ असे विचारून तिथून पुढे. व्हिमिओ व्हिडिओ याच रीतीने घेते. ही पद्धत आता इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत प्रमाण होण्याच्या वाटेवर आहे आणि मर्यादा आधी जाहीर करण्याची सोय त्या मसुद्यातही आहे.

मला यापुढे जाऊन एक मागायचे आहे: ‘मॅक्सलेंग्थ’ची ती सूचना एचटीएमएलमध्ये परत यावी. फाइलच्या रकान्याला कमाल आकाराचा गुणधर्म असावा, आणि माणसाने मोठी फाइल निवडताच ब्राउझरने स्वतःहून, त्याच्या भाषेत, सांगावे. जावास्क्रिप्टने हे आज करता येतेच, मग नवे कशाला, असा प्रश्न येईल. ईमेलचा पत्ता बरोबर आहे का हेही जावास्क्रिप्टने तपासता येत होते. तरी एचटीएमएलने त्यासाठी वेगळा रकाना दिला, आणि त्यामुळे ज्याने तपासणीचा विचारही केला नव्हता त्याच्या फॉर्मलाही ती फुकटात मिळाली. फाइलीच्या बाबतीत तेच व्हायला हवे, कारण इथे अडचण आळशी आणि घाईत असलेल्या कार्यक्रमकारांचीच आहे. शिवाय हा आकडा एकदा पानात लिहायची रीत पडली की तो सर्व्हरच्या मांडणीतूनच उचलून लिहायचा विचार कोणाला तरी सुचेल, आणि पाटीवर पाच, दारावर एक ही तऱ्हा कमी होईल. तो निव्वळ इशारा राहील, त्याने सुरक्षा येणार नाही, सर्व्हरला मोजणी करावीच लागेल, हे सगळे कबूल. १९९५ चा दस्तऐवजही याहून जास्त मागत नव्हता.